३.१० म्हणजे ३.१ नव्हे

२०२२ च्या जूनमध्ये आमच्या पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये वीस नवी मशिन आली. डेडस्टॉक रजिस्टर आम्ही हातानंच लिहितो, पण या वेळी विभागप्रमुखांनी सॉफ्टवेअरची यादी एक्सेलमध्ये करायला सांगितली. मशिनचा नंबर, रॅम, हार्डडिस्क आणि शेवटच्या रकान्यात पायथनची आवृत्ती. पहिल्या ओळीत मी ३.१० टाइप केलं, एंटर मारला, ती चौकट कॉपी केली आणि खालच्या एकोणीस ओळींत चिकटवली. पाच मिनिटांत काम उरकलं म्हणून खूशही झाले. एक्सेलनं त्या ३.१० चं परस्पर ३.१ करून टाकलेलं माझ्या लक्षातच आलं नाही. दशांश चिन्हानंतर शेवटी येणारं शून्य त्याच्या लेखी फुकट असतं. शाळेत आपल्यालाही तेच शिकवलेलं आहे.

दुसऱ्या दिवसापासून मी लग्नकार्यासाठी तीन दिवस रजेवर गेले. मागे सरांनी यादीची प्रिंट काढली. प्रात्यक्षिकाच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं होतं, ‘पायथन ३.८ किंवा त्यापुढील’. यादीत ३.१. सरांनी देखभालीच्या कंत्राटावरच्या मुलाला बोलावलं आणि सांगितलं, हे जुनं काढ आणि ३.८ घाल. त्या मुलानं मशिनकडं न बघता यादीकडं बघितलं, आणि दोन दिवस बसून वीस मशिनांवरचं नवं पायथन उपटून जुनं बसवलं. काम चोख केलं, त्यात शंका नाही.

मी परत आले त्या दिवशी दुसऱ्या वर्षाची एक मुलगी रडवेली होऊन उभी. “मॅडम, घरी चालतोय प्रोग्राम, इथं चालत नाही.” हे वाक्य मी लॅबमध्ये चोवीस वर्षं ऐकते आहे आणि दर वेळी पहिला संशय मुलांवरच घेते. तिच्या प्रोग्राममध्ये ‘मॅच’ या शब्दानं सुरू होणारी एक ओळ होती आणि मशिन त्या ओळीवर बोट ठेवून ‘सिंटॅक्स एरर’ म्हणत होतं. म्हणजे, ‘हे वाक्य माझ्या भाषेत बसत नाही.’ खरंच बसत नव्हतं. एकाच गोष्टीचे अनेक पर्याय ताडून बघणारी ही ‘मॅच’ची रचना पायथनमध्ये ३.१० पासून, म्हणजे ऑक्टोबर २०२१ पासून आली. ३.८ ला ती ठाऊक असायचं कारण नाही. मुलगी बरोबर होती, मशिन बरोबर होतं, कंत्राटावरचा मुलगाही सांगितल्याबरहुकूम वागला होता. चूक एका शून्याची, आणि ते शून्य माझ्या रकान्यातून गळलेलं.

तेव्हापासून नव्या तुकडीला पहिल्या दिवशी मी हेच विचारते: ३.९ मोठं की ३.१०? निम्मी मुलं ३.९ म्हणतात. मग मी विचारते, मॅचमध्ये स्कोअरबोर्डवर १९.५ षटकं दिसली की किती चेंडू उरले? सगळे एका सुरात सांगतात, एक. तिथं कुणी म्हणत नाही की १९.५ म्हणजे साडेएकोणीस. साडेएकोणीस षटकं १९.३ ला होतात, हे पोरांच्या रक्तात असतं. टिंब तेच, पण ते दशांश चिन्ह नाही. डावीकडं षटकं, उजवीकडं चेंडू, आणि मध्ये नुसतं एक कुंपण. ज्या मुलांना क्रिकेटचं वावडं आहे त्यांच्यासाठी गीता आहे. दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळिसावा श्लोक २.४७ असा लिहितात. तो २.५ च्या आधी येतो असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

आवृत्तीचा क्रमांक असाच वाचायचा. तीन पॉइंट दहा. दहा म्हणजे एकावर शून्य नव्हे, नऊच्या पुढचा दहा. ३.९ नंतर ३.१०, मग ३.११, ३.१२. या रांगेतलं ३.१ फार मागं, २००९ सालात उभं आहे.

या खड्ड्यात एकटी मीच पडले असं नाही, हे कळल्यावर जरा हलकं वाटलं. पायथन ३.१० येण्याच्या सुमारास भल्याभल्यांच्या घरी हाच घोळ झाला. कित्येक प्रोग्राम आपण कुठल्या पायथनवर चालतोय हे बघायला आवृत्तीच्या मजकुराची पहिली तीन चिन्हं कापून घेत असत. ३.६, ३.७, ३.८, ३.९ पर्यंत ते निभलं. ३.१० ची पहिली तीन चिन्हं घेतली की उरतं ३.१. काही ठिकाणी आवृत्त्यांची तुलना शब्दकोशासारखी, अक्षराला अक्षर लावून व्हायची. तिथं १ हा ९ च्या आधी, म्हणून ३.१० हे ३.९ पेक्षा जुनं ठरायचं. आणि जिथं फाइलमध्ये नुसतं ३.१० लिहून मोठ्या कंपन्यांची मशिन आपोआप पायथन बसवून घेतात, तिथं ती मशिन ३.१ शोधत फिरायला लागली. उपाय एका ओळीचा होता: आकडा अवतरणचिन्हांत लिहा, म्हणजे तो संख्या न राहता मजकूर होतो.

संख्या नाही, मजकूर. हे मला खरं तर घरातच कळायला हवं होतं. माझे वडील, अण्णा, सांगलीच्या गावभागातल्या एका छापखान्यात एकतीस वर्षं जुळारी होते. शिशाचे खिळे केसमधून उचलून स्टिकमध्ये जुळवायचे, ओळ बसली की गॅलीत सरकवायची, गॅलीचं प्रूफ काढायचं, प्रूफ दुरुस्त करायचं आणि मग सोळा पानांचा फर्मा बांधायचा. पुस्तकाच्या सुरुवातीला कोपऱ्यात छापलेल्या त्या दोन ओळी, ‘पहिली आवृत्ती अमुक साल, पुनर्मुद्रण तमुक साल’, अण्णा नेहमी वाचून दाखवायचे. नवं पुस्तक हातात पडलं की गोष्टीआधी ते पान. “पुनर्मुद्रण असेल तर जुनं असलं तरी चालतंय,” ते म्हणायचे, “पण ‘सुधारून वाढवलेली’ लिहिलं असेल तर बघून घे, परीक्षेला कुठलं लावलंय ते.”

सॉफ्टवेअरवाल्यांनी याच शहाणपणाचा नियम करून तो तीन आकड्यांत बसवला. गिटहबच्या संस्थापकांपैकी एक, टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी तो लिहून काढला आणि त्याचं सध्याचं रूप २०१३ चं आहे. त्या नियमावलीलाही स्वतःचा क्रमांक आहे, २.०.०. ‘सिमँटिक व्हर्जनिंग’ असं त्याचं भारदस्त नाव. आमच्याकडं सगळे ‘सेमव्हर’ म्हणतात.

समजा कुणी तरी तिथी काढून देणारा तयार कोड केला आणि त्याचं नाव ठेवलं ‘पंचांग’. तुम्ही तारीख द्यायची, त्यानं तिथी सांगायची. राज्यभरातली पाचपन्नास ॲप तो वापरतात. आज त्याचा क्रमांक आहे ३.४.१. कुणाच्या तरी लक्षात येतं की अधिक मासात एक तिथी चुकते. चूक दुरुस्त होते, क्रमांक होतो ३.४.२. हे अण्णांच्या भाषेतलं पुनर्मुद्रण: मजकूर तोच, खिळा उलटा बसला होता तो सरळ केला. डोळे मिटून घ्यावं. पुढं ‘पंचांग’ तिथीबरोबर नक्षत्रही सांगू लागतं. ज्याला हवं त्यानं विचारावं, जुन्या पद्धतीनं नुसती तिथी विचारणाऱ्यालाही पूर्वीसारखंच उत्तर मिळतं. क्रमांक होतो ३.५.०. पुस्तकाला एक परिशिष्ट जोडलं, पानांचे नंबर हलले नाहीत. मग एक दिवस करणाऱ्याच्या डोक्यात प्रकाश पडतो की तिथी सूर्योदयावर धरतात आणि सूर्योदय गावोगाव वेगळा, तेव्हा नुसती तारीख देऊन भागणार नाही, गावही द्यायला हवं. सुधारणा योग्यच आहे. पण आता नुसती तारीख देणारी ती पाचपन्नास ॲप एका झटक्यात बंद पडणार. म्हणून क्रमांक होतो ४.०.०. पहिला आकडा हलला की ओळखायचं, आपल्याला आपलं काम पुन्हा तपासावं लागणार.

यात एक गोष्ट मुलांच्या डोक्यात लवकर शिरत नाही. पहिला आकडा वाढला म्हणजे फार मोठं काम झालं असं नव्हे. एखाद्यानं वर्षभर राबून आतलं सगळं बदललं आणि बाहेरून वापरणाऱ्याला ढिम्म फरक पडला नाही, तर मधला नाही तर शेवटचा आकडा वाढेल. आणि कुणी नुसतं एक नाव बदललं, तरी त्या नावानं हाक मारणारे सगळे अडणार, तर पहिला आकडा वाढायलाच हवा. करणाऱ्याचे कष्ट त्या आकड्यात नसतात. वापरणाऱ्याला किती त्रास होणार, एवढंच त्यात असतं.

पहिला आकडा शून्य असेल, ०.७ वगैरे, तर ते अजून प्रूफ आहे. करणारा म्हणतो, मी काहीही बदलेन, तक्रार करू नका. अल्फा, बीटा ही पहिलं प्रूफ, दुसरं प्रूफ. आरसी, म्हणजे रिलीज कँडिडेट, हे लेखकानं ‘छापायला हरकत नाही’ असं लिहून सही केलेलं प्रूफ. तरी त्यातही चूक निघते, हे छापखान्यातल्या माणसाला सांगायला नको.

पहिला आकडा हलणं किती महाग पडतं, याचं मी जवळून पाहिलेलं उदाहरण पायथनचंच. डिसेंबर २००८ मध्ये पायथन ३.० आलं आणि ते पायथन २ शी मुद्दाम फारकत घेऊन आलं. पडद्यावर काही छापायची ‘प्रिंट’ ही आज्ञा पूर्वी बिनकंसाची चालायची, आता कंस सक्तीचा झाला. तीन भागिले दोन याचं उत्तर पूर्वी १ यायचं, आता १.५. पहिल्या बदलात बरं असं की प्रोग्राम लगेच बोंब मारतो. दुसऱ्यात तो गप्प राहून वेगळं उत्तर देतो, आणि ते जास्त वाईट.

पण आपल्या दृष्टीनं खरा बदल अक्षरांचा होता. पायथन २ मध्ये साध्या अवतरणचिन्हांत ‘मराठी’ लिहून त्याची लांबी विचारली की यूटीएफ-८ मध्ये साठवलेल्या फाइलीत उत्तर यायचं १५. कारण ते अक्षरं मोजतच नव्हतं, साठवणीचे बाइट मोजत होतं, आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. पायथन ३ उत्तर देतं ५: म, र, काना, ठ, वेलांटी. आपण म्हणू तीन अक्षरं. अण्णांना विचारलं तर म्हणाले, “पाचच की. काना वेगळा उचलायला लागतोय.” जुळाऱ्याचं आणि पायथन ३ चं उत्तर एक आलं याचा मला उगाचच आनंद झाला.

पायथन २ कधी बंद करायचं याची मुदत आधी २०१५ ठरली होती, ती वाढवून १ जानेवारी २०२० केली. शेवटची २.७.१८ ही आवृत्ती त्या एप्रिलमध्ये निघाली आणि विषय संपला. म्हणजे पहिला आकडा दोनाचा तीन व्हायला, कागदावर एक दिवस आणि लोकांच्या मशिनवर अकरा वर्षांहून जास्त. या काळात आमच्या लॅबमध्ये दोन्ही पायथन शेजारी शेजारी नांदत होती, सवतींसारखी. परीक्षेला एकीचं पुस्तक आणि मशिनवर दुसरी.

आणि आता नियमाचा अपवाद: खुद्द पायथन सेमव्हर तंतोतंत पाळत नाही. दर वर्षी ऑक्टोबरमध्ये मधला आकडा एकानं वाढतो आणि तेव्हा जुन्या काही गोष्टी, काही वर्षं आधी इशारा देऊन, काढूनही टाकतात. २०२३ च्या ३.१२ मध्ये ‘डिस्टयूटिल्स’ नावाचा जुना भाग गेला आणि आमचं एक जुनं साधन बसेनासं झालं. मधलाच तर आकडा हलला होता! म्हणून आकडा वाचण्याआधी तो कुणाच्या घरचा आहे हे बघावं लागतं. घरोघरी मातीच्या चुली असल्या तरी प्रत्येक चुलीचं तोंड वेगळ्या दिशेला.

जावाचं तोंड तर मध्येच फिरलं. १९९८ मध्ये जावा १.२ आलं तेव्हा विक्री करणाऱ्यांनी त्याचं नाव ठेवलं ‘जावा २’. मग १.३ आणि १.४ हीसुद्धा ‘जावा २’च. २००४ मध्ये १.५ आलं ते ‘जावा ५’ म्हणून. पुढं ६, ७, ८ आली, पण मशिनला आवृत्ती विचारली की ते निरागसपणे १.८ असंच सांगायचं. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये ९ आलं तेव्हा कुठं तो पुढचा एक गळला. आमच्याकडं एकदा बाहेरून आलेले परीक्षक एका मुलाला म्हणाले, “मॅन्युअलमध्ये १.८ लिहिलंय आणि तू ८ म्हणतोस, नक्की काय टाकलंयस?” मुलगा गांगरला. मी मागून म्हटलं, “सर, दोन्ही एकच.” त्यांचा विश्वास बसला नाही, बसावा असं त्या नावात काही नव्हतंच. आता जावा दर सहा महिन्यांनी, मार्च आणि सप्टेंबरला येतं, आणि ८, ११, १७, २१ यांसारख्या मोजक्याच आवृत्त्या वर्षानुवर्षं सांभाळल्या जातात. कॉलेजनं त्या मोजक्यांतलीच एक धरावी.

मोठा आकडा लावून भाव खाणं हा प्रकार मात्र जुना आहे आणि तो आपल्याला परका नाही. पाचशे प्रती काढून ‘सहावी आवृत्ती’ असं मुखपृष्ठावर लावणारे प्रकाशक अण्णांनी पाहिले होते. सहावीत बदल काय, तर मुखपृष्ठ हिरव्याचं निळं. मी स्वतः ज्या ‘डीबेस थ्री प्लस’वर संगणक शिकले, त्याचा पूर्वज बाजारात आला तोच ‘डीबेस टू’ या नावानं. वन असं कधी विकलंच गेलं नाही. दोन म्हटलं की गिऱ्हाइकाला वाटतं, पहिल्यातल्या चुका काढलेल्या दिसतात. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओचा आतला क्रमांक १२ वरून थेट १४ वर गेला. तेरा नको म्हणणारे लोक तिकडंही आहेत.

या सगळ्यात मला प्रामाणिक वाटतो लिनक्सवाला लिनस टोरव्हाल्ड्स. २०११ मध्ये २.६.३९ नंतर त्यानं थेट ३.० काढलं आणि स्वच्छ सांगून टाकलं की यात मोठं असं काही नाही, लिनक्सला वीस वर्षं झाली आणि आकडे फार लांबले, एवढंच. २०१५ मध्ये ३.१९ नंतर ४.० आलं तेव्हा कारण दिलं की हातापायांची बोटं संपली, पुढं मोजता येत नाही. त्यानंतर ४.२० नंतर ५.०, ५.१९ नंतर ६.०. आकड्यात अर्थ नाही हे सांगून टाकलं की त्यातही एक अर्थ असतो. उबुंटूचं याहून सोपं, तो आकडा म्हणजे कॅलेंडर. २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल. एकदा, २००६ मध्ये, एप्रिलला तयार झालं नाही तर त्यांनी ६.०४ हा आकडा खोटाच न लावता जूनमध्ये ६.०६ काढलं. आमच्या कॉलेजच्या बांधकामाच्या पाट्यांवर असं झालेलं मी पाहिलेलं नाही.

लॅबमध्ये सगळ्यात जास्त ऐकू येणारी आवृत्ती म्हणजे ‘लेटेस्ट’. “कुठलं टाकलंयस?” “मॅडम, लेटेस्ट.” लेटेस्ट हा आकडा नाही. सोमवारचं लेटेस्ट गुरुवारी शिळं होतं. घरी चालतोय आणि इथं चालत नाही, याचं निम्मं कारण हे. म्हणून मी प्रकल्पाच्या फाइलीत पहिल्या पानावर आकडे लिहायला लावते, आणि पायथनच्या यादीत नुसतं नाव न लिहिता पुढं दोन बरोबरची चिन्हं टाकून पूर्ण तिन्ही आकडे. जावास्क्रिप्टवाल्यांच्या यादीत आकड्याच्या आधी टोपी असते, अशी: ^३.४.२. तिचा अर्थ, ३.४.२ किंवा त्यापुढचं काहीही चालेल, पण चौथ्या आवृत्तीच्या आतलं. टोपीऐवजी ~ ही लाट असेल तर ३.५ च्याही आतच राहायचं. म्हणजे टोपी घालणारा म्हणतो, पंचांगवाल्यानं परिशिष्टं जोडली तरी माझी हरकत नाही. लाटवाला म्हणतो, नुसतं पुनर्मुद्रण असेल तरच दार उघडतो. पंचांगवाल्यानं वचन पाळलं तर दोघांचंही भागतं. नाही पाळलं तर रात्री अकरा वाजता मला फोन येतो.

बरं, चूक दुरुस्त करणारी आवृत्ती आली की डोळे मिटून घ्यावं, असं मी वर म्हटलं. ते पूर्ण खरं नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या एका लहानशा पण जिथंतिथं वापरल्या जाणाऱ्या भागात भयंकर भोक सापडलं. २.१४.१ पर्यंतच्या आवृत्त्या धोक्यात, म्हणून २.१५.० आली. तिची दुरुस्ती अपुरी निघाली, २.१६.० आली. तिच्यातही एक निघालं, २.१७.० आली. नाताळनंतर २.१७.१. महिना संपायच्या आत चार. अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते हसत सुटले. त्यांच्या छापखान्यात एका ग्रंथाला शेवटी शुद्धिपत्र जोडलं होतं, त्या शुद्धिपत्रातच पृष्ठांक चुकले, आणि मग प्रत्येक प्रतीत खळ लावून एक चिठ्ठी डकवावी लागली होती. शुद्धिपत्राचं शुद्धिपत्र. ती चिठ्ठी त्यांनीच जुळवली होती.

आणि २०२४ च्या मार्चमधलं एक्सझेडचं प्रकरण. एक्सझेड हे फाइली दाबून लहान करणारं साधन, लिनक्समध्ये सगळीकडं असतं, कुणाचं लक्षही जात नाही. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या सगळ्यात नव्या आवृत्त्यांत कुणी तरी चोरदार बसवलं होतं. कुणी तरी म्हणजे बाहेरचा चोर नव्हे. जिया टॅन या नावानं वावरणारी, दोन-अडीच वर्षं इमानानं मदत करून विश्वास कमावलेली व्यक्ती. मायक्रोसॉफ्टमधल्या आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एवढंच खटकलं की दूरच्या मशिनवर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय. त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढत तो या चोरदारापाशी पोचला आणि २९ मार्चला त्यानं जाहीर केलं. ज्यांनी घाईनं सगळ्यात नवं घेतलं होतं त्यांची धावपळ झाली. आमच्या लॅबमध्ये उबुंटू २२.०४ होतं आणि त्यातलं एक्सझेड ५.२ च्या घरातलं, मागासलेलं. महिन्यापूर्वीच एका उत्साही मुलानं ते ‘अपडेट करू का’ म्हणून विचारलं होतं आणि मी आळसानं ‘पुढच्या सत्रात बघू’ म्हणाले होते. आळसाचं श्रेय मी घेत नाही, पण त्या आठवड्यात झोप बरी लागली.

अण्णा आता सत्त्याऐंशीचे आहेत. डोळ्यांचं एक ऑपरेशन झालंय, तरी सकाळी पेपर वाचताना पेन्सिल हातात असते आणि ऱ्हस्व-दीर्घावर खुणा चालू असतात. मागच्या दिवाळीत मी त्यांना डोनाल्ड नूथची गोष्ट सांगितली. मोठा गणिती, संगणकशास्त्रावरचे त्याचे ग्रंथ जगभर वंदनीय. १९७७ मध्ये त्यातल्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रूफं आली. आधीची आवृत्ती शिशाच्या खिळ्यांवर छापलेली, ही नव्या फोटोटाइपसेटिंगवर. प्रूफं त्याला इतकी कुरूप वाटली की त्यानं ग्रंथ बाजूला ठेवला आणि अक्षरजुळणीचं स्वतःचंच सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. त्याचं नाव टेक. गणिताची पुस्तकं आज जगभर त्यावर जुळतात.

“शाणा आहे,” अण्णा म्हणाले. खिळ्यांची बाजू घेणारा माणूस त्यांना लगेच आवडतो.

मग मी आकड्यांचं सांगितलं. टेकची तिसरी आवृत्ती झाल्यावर नूथनं ठरवलं की आता नवं काही घालायचं नाही, फक्त चुका काढायच्या. आणि दर दुरुस्तीला क्रमांक एकाऐवजी पायच्या किमतीकडं सरकवायचा. ३.१, मग ३.१४, मग ३.१४१. आज तो ३.१४१५९२६५३ आहे. इथं मात्र टिंब खरोखर दशांश चिन्ह आहे, इथं एक्सेलचं बरोबर येईल. जितका आकडा लांबतो तितका तो कमी हलतो, कारण चुका कमी कमी होत जातात. पुस्तकात चूक दाखवणाऱ्याला २.५६ डॉलर, कारण सोळाच्या पटीत मोजणाऱ्यांचा डॉलर २५६ सेंटचा. टेकमध्ये चूक दाखवणाऱ्याला ३२७.६८ डॉलर. २००८ पर्यंत हे बक्षीस चेकनं मिळायचं आणि बहुतेक लोक ते चेक वटवण्याऐवजी भिंतीला लावायचे. आणि त्यानं लिहून ठेवलंय की आपण गेल्यावर क्रमांक कायमचा पाय करून टाका. मग जे चुकलेलं राहील ते चूक नव्हे, तो त्या सॉफ्टवेअरचा स्वभाव.

अण्णांनी विचारलं, “किती घरं झाली टिंबाच्या पुढं?”

“नऊ.”

“दहावा आकडा काय?”

“पाच. ठरलेलाच आहे तो.”

“आणि कधी बघणार पुन्हा?”

याआधी नूथनं चुका बघितल्या त्या २००८, २०१४ आणि २०२१ मध्ये. सहा वर्षांचं अंतर, मग सात, आता आठ. म्हणजे २०२९. तेव्हा नूथ एक्क्याण्णव वर्षांचा असेल, हे मी सांगितलं आणि लगेच वाटलं, सांगायला नको होतं. दोघांचा जन्म एकाच वर्षातला, १९३८.

अण्णा थोडा वेळ बोटांवर काही तरी मोजत राहिले. मग त्यांनी पेपर पुढं ओढला, चष्मा सारखा केला आणि पहिल्या पानावरच्या ठळक मथळ्यातल्या एका दुसऱ्या वेलांटीभोवती गोल केला.